माळावरची लाल वारुळं

ओसाका, १२ मे

ती. दादास, किनुएचा सा. न. वि. वि.

गावाने वसंतात माळ जाळणं बंद केलं आणि तूही त्या बाजूने हात वर केलास, हे तुझ्या पत्रात दोनदा वाचलं. आसोच्या त्या उतारावरच्या लाल मुंग्यांसाठी तू साऱ्या गावाशी भांडलेलास. वाळलं गवत जळलं नाही तर ते सावली धरतं आणि वारुळं गारठून मरतात, हे मला तूच ऐकवायचास. आता म्हणे एकटाच कोयत्याने गवत कापतोस. गुडघ्यांचं काय? इथे ये. हिरोकी म्हणतो, मामाला खोली आहे आणि स्वयंपाकघरात हव्या तेवढ्या मुंग्याही आहेत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

किनुए

आसो, ३ जून

चि. किनुएस अनेक आशीर्वाद.

भाच्याला सांग, त्या मुंग्या निराळ्या. हात वर केला, कारण समोर तोमिए बसली होती. गेल्या वर्षी माळ जाळताना वारा फिरला आणि तिचा नवरा आगीत सापडला, तेव्हा त्याच्या शेजारी मीच होतो. सभेत ती अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर कदाचित मी भांडलो असतो. शिवाय आम्ही सगळे म्हातारे, आग पसरली तर धावणार कोण?

कापून काही भागत नाही. पुढचं साफ होईतो मागचं वाढतं. काही वारुळं काडीने टोचली तरी आतून कुणी येत नाही. संध्याकाळी बूट काढायचाही कंटाळा येतो. ओसाकाचं बघू.

तुझा लोभ राहू दे.

शिगेहारु

आसो, ९ ऑगस्ट

चि. किनुएस अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र धाडलं आणि त्याच आठवड्यात तोमिए माळावर आली, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, आग मला पाहवणार नाही, पण माझ्या गाईंना चरायला लागतंच. मी म्हटलं, वारुळं तुडवतील. तर म्हणाली, मग भोवती बांबू ठोका, नुसते उभे काय राहिलात. बांबू तिनेच धरले.

गाई चरतात, आता गवत घोट्याएवढं आहे. निम्मी वारुळं गेली ती गेलीच, उरलेल्यांवर ऊन पडतं. थंडीत गाई गोठ्यात गेल्या की तुझ्याकडे चार दिवस येईन.

काल एका वारुळातून पंखवाल्या मुंग्या उडाल्या. तोमिए म्हणाली, हे बघायला ह्यांना तुम्ही दरवर्षी ओढून आणायचात, मला बोलवायचं कधी सुचलं नाही. शेवटची मुंगी उडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग आणि तुझा जीव माझ्यावर असाच असू दे.

शिगेहारु