मोकळ्या जागेवरून

ओहायो,
९ ऑक्टोबर २०२४

ती. प्रेमाआत्यास,
मनालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र मराठीत, हाताने लिहिते आहे. फोनवर मी सारखी इंग्रजीत घसरते म्हणून ही शिक्षा. फोटो काढून मोबाईलवर पाठवते. ऱ्हस्व-दीर्घाला पोटभर हस, पण काकांना दाखवू नकोस.

हॉस्पिटलच्या लॅबमधलं काम आवडतंय. इथली जमीन मात्र इतकी सपाट आहे की मस्कतमध्ये वाढलेल्या माणसाला नजर कुठे टेकवावी कळत नाही. सकाळी मक्याच्या शेतांवर धुकं उतरतं, तेव्हा बसमधून वाटतं की त्याच्यामागे मस्कतबाहेरच्या तुमच्या अल अमेरातचे डोंगर आहेत. ऊन आलं की ते विरघळतात.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बंद पडलेली शाळा आहे. बैठी, लाल विटांची, पुढे मोठं मैदाण. ती पाडून तिथे चार मजली घरं बांधायचं म्युनिसिपालिटीच्या मनात आहे. त्यावर चर्चच्या तळघरात सभा झाली. मी जिच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, ती लोरेन मला घेऊन गेली. ती त्याच शाळेत शिकली आणि पुढे तिथेच शिक्षिका झाली. सभेत कुणी विचारलं, एवढ्या गाड्या लावणार कुठे. कुणी म्हणालं, तरुण मुलं शिकागोला पळताहेत, शहर ओस पडतंय, घरं नकोत तर हवंय तरी काय. एक गृहस्थ म्हणाले की कोण कुठली माणसं येऊन राहतील. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि घाईघाईने म्हणाले, तुझ्यासारखी नव्हेत हं. सगळे हसले. मीही हसले.

आत्या, खरं सांगू? मला तिथे घर हवंय. तिथून हॉस्पिटल पायी जाता येईल. बर्फात गाडी चालवायची मला भीती वाटते आणि संध्याकाळनंतर बस नसते. लोरेनने विरोधाच्या अर्जावर सही करायला पेन पुढे केलं, तेव्हा मी चष्मा विसरले म्हणाले. दर रविवारी ती माझ्यासाठी सूप बाजूला काढून ठेवते. इथे माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस आहे. काय करू?

तुझी माया इतक्या लांबूनही पोचते, तशीच पोचू दे.
मनाली


अल अमेरात,
२ नोव्हेंबर २०२४

चि. मनालीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ‘मैदान’ला बाणातला ण लावलास. काकांना दाखवलंच. ते हसले आणि नंतर दोनदा वाचून चष्मा पुसत बसले.

काय योग आहे बघ. आमच्या बिल्डिंगसमोरची मोकळी जागा आठवते ना? दुपार कलताना असरची अजान झाली की खुदेजाभाभी आणि मी तिथेच फेऱ्या मारतो. त्या आता आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. रत्नागिरीच्या, मत्रहच्या जुन्या घरापासूनची शेजारीण. त्या जागेवर बोर्ड लागलाय. सहा मजली इमारत येणार.

आम्ही दोघी जागेच्या अर्बाबकडे, मालकाकडे गेलो, काकांना पुढे घालून. त्याने कहवा दिला, खजूर दिले, सगळं ऐकून घेतलं आणि इन्शाल्ला म्हणाला. काका जिन्यातच म्हणाले, खलास. तुमच्याकडे निदान सभा तरी भरते. आम्ही उभा जन्म इथे काढून पाहुणेच.

तुझे वडील सोहारच्या कारखान्यात होते आणि तू मत्रहला माझ्याकडे वाढत होतीस, तेव्हा घरातून बंदर दिसायचं. ते घर सोडावं लागलं तेव्हा वाटलं होतं, आता बघण्यासारखं काही उरलं नाही. मग ही जागा मिळाली. उन्हं कलली की डोंगर आधी तांबूस होतात, मग जांभळे, आणि धूळ उडाली की पायथ्याशी पाणी असल्यासारखं वाटतं. मी पुष्कळदा चालायची थांबते. खुदेजाभाभी पुढे जातात आणि वळून विचारतात की आज कुठलं जहाज लागलं.

तू सही कर. लोरेनबाईंना दुखवू नकोस. म्हाताऱ्या डोळ्यांना टेकायला जागा लागते.

इथून रोज तुझी आठवण निघते, तिला दार उघडत जा.
तुझी आत्या


ओहायो,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. प्रेमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही.

दुसऱ्या सभेत लोरेन शाळेबद्दल फार सुंदर बोलली. मला वाटलं, आता गप्प बसावं. पण मागून परत तेच आलं, कोण कुठली माणसं, आणि मी उभीच राहिले. म्हणाले की तुमच्यापैकी पुष्कळांच्या रक्ताच्या तपासण्या माझ्या हातून जातात, आणि मीच ती कोण कुठली. मला या रस्त्यावर राहायचंय, म्हणून मला ही घरं हवीत. मागे कुणीतरी टाळी वाजवली. लोरेन मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली.

तिनेच मला गाडीतून घरी आणलं. त्यानंतर सूप नाही. खाली तिची पावलं ऐकू येतात, माझ्या जिन्यापाशी थांबतात आणि परत जातात.

आत्या, रागावू नकोस. पण तुमची बिल्डिंग उठली तेव्हा मागच्या घरातल्या ओमानी आजींचे डोंगर गेलेच असतील ना? तू कधी त्यांना विचारलंस?

उद्धट झाले असेन. तरी जवळच धर.
मनाली


अल अमेरात,
१८ डिसेंबर २०२४

चि. मनालीस,
अ. उ. आ.

रागावले होते. म्हणून उत्तराला उशीर. काका म्हणत होते की पोरीने विचारलंय ते वाजवी आहे, त्यांच्यावरही रागावले.

मग समोर खोदायचं मशीन आलं. मी तशीच खाली गेले, म्हटलं, खुदेजाभाभी, यल्ला, अर्बाबकडे अजून एकदा जाऊन येऊ. त्या गुडघ्याचं काही सांगू लागल्या. तेवढ्यात त्यांची लेक नौशीन आतून आली, मला बिलगली आणि आनंदाने सांगून मोकळी झाली की समोरच्या इमारतीत तिला घर मिळणार आहे. नाहीतर नवऱ्याच्या नोकरीपायी सोहारलाच बिऱ्हाड हलवावं लागलं असतं. आता तो एकटा ये-जा करील आणि मुलं नानीजवळ राहतील. खुदेजाभाभींनी ओढणी तोंडावर घेतली. मी उठून वर आले.

इतक्या वर्षांत आमच्यात अबोला कधी नव्हता. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले की त्याही खाली उभ्या दिसायच्या. दोघी एकाच धुळीकडे बघत.

शेवटी मीच खाली गेले. त्या रडत म्हणाल्या की घर मिळावं म्हणून रोज दुआ मागत होते आणि बांधू नका म्हणून तुमच्याबरोबर अर्बाबकडेही येत होते. प्रेमाभाभी, दोन्ही खोटं नव्हतं. ‘सही कर’ म्हणून तुला लिहिलेलं माझं ते पत्र मला तेव्हा आठवलं आणि लाज वाटली. घर हवंय, हे माझ्यासमोर त्यांना बोलता आलं नव्हतं. तू निदान लिहिलंस तरी.

मग आम्ही पत्र्याच्या कुंपणाकडेने फिरलो. धूळ सोन्यासारखी उडत होती आणि डोंगर जमिनीला न टेकता तरंगत होते. मागच्या घरातल्या आजींकडेही गेलो, नानकटाई घेऊन. माझ्या मोडक्या अरबीत डोंगरांचं विचारलं. त्या खळखळून हसल्या आणि आम्हांला जिन्याने गच्चीवर घेऊन गेल्या. डोंगर तिथे होते. म्हणाल्या, गुडघे चालतात तोवर येत जा.

लोरेनबाई जिना चढून वर येणार नाहीत. तू खाली जा. पटवायला नको, नुसती जा.

काळजी करणारं कुणी आहे, एवढं ध्यानात असू दे.
आत्या


ओहायो,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ठराव मंजूर झाला. शाळा जाणार, अर्धं मैदान झाडांसकट राहणार.

तुझं पत्र आल्यावर मी खाली गेले होते. लोरेनने दार उघडलं, चहा केला आणि हवामानाबद्दल बोलली. मग रोज जाऊ लागले. आज सकाळी बर्फ भुरभुरत होता. तिने मला कोट घालायला सांगितलं आणि हात धरून शाळेपाशी नेलं. आवाज कसला म्हणून नव्हता. ती म्हणाली की मी चुकीचंच केलं, तिचा राग गेलेला नाही आणि जाईल असंही नाही. मी बरं म्हटलं. मग तिने विचारलं की माझी खिडकी कुठली असेल.

मी म्हटलं, घर मिळालंच तर तिसऱ्या मजल्यावरचं, कोपऱ्यातलं मागणार आहे. शाळेच्या छपराच्या बऱ्याच वर, उजवीकडे, बोट दाखवलं. तिथे नुसतं पांढरं आकाश होतं. ती म्हणाली, येता-जाता रागाने बघायचं तर कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

मान वर करून ती बराच वेळ बघत राहिली. पापण्यांवर बर्फ साचत होता. मग तिने हातमोजा काढला आणि तिकडे बघून हात हलवून पाहिला.

काकांना नमस्कार, खुदेजाभाभींना सलाम. मला तुमच्यातच मोजत राहा.
मनाली