वारंगा फाट्यावरची सुधारणेची कॅसेट

वारंगा फाटा,
मार्च २००४

तीर्थरूप प्रमोददादास,
धाकट्या शितलचा मनापासून जय भीम.

वहिनींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल, असं धरून चालते. नांदेडचं पाणी तुला मानवलं, पोट सुटलं, असं आईनं कळवलं. वाचून समाधान वाटलं. इकडे आमी सगळे बराबर आहोत. सासूबाईंना चालताना दम लागतो, पण मला बोलायला घेतलं की अजिबात लागत नाही. पुजा दहावीची परीक्षा देऊन राहिली. आणि तुझे दाजी सुधारून राहिले. (हसू नको, पुढं वाच.)

तुला ठाऊकच आहे, यांचं पंक्चरचं दुकान ऐन फाट्यावर. पण ट्रक येऊन थांबला की हे आधी चाक नाही, नंबरप्लेट पाहतात. त्या आकड्यांची बेरीज करायची आणि मटक्यावर लावायची. ट्रक नसला तर एसटी, एसटी नसली तर सासूबाईंची स्वप्नं. मागं त्यांच्या स्वप्नात शेळी आली, तर तिचे पाय धरायचे की शिंगं, याचा विचार करण्यात यांनी अख्खी दुपार घालवली. (गिऱ्हाईक स्वतःच पाना घेऊन चाक खोलत होतं.)

तर दिवाळीनंतर औरंगाबादहून एका संस्थेच्या ऐश्वर्या मॅडम आल्या. जुगाराची सवय माणसाला आपली आपण सोडता येते का, आणि कोणत्या उपायानं लवकर सुटते, हे त्यांना तपासून पाहायचं होतं. काहींना नुसतं पुस्तक द्यायचं, काहींना पुस्तक आणि कॅसेट, आणि काहींनी सध्या नुसतं थांबायचं. अंगणवाडीच्या माझ्या कामामुळं मला हे आधी कळलं आणि मी यांचं नाव देऊन टाकलं. मला काय धाड भरली, असं म्हणत म्हणत हे गेले, कारण पोहे होते.

कोण कोणत्या गटात, ते चिठ्ठ्या काढून ठरणार होतं. आता तूच सांग दादा, फाट्यावरचे सगळे मटकेवाले समाजमंदिरात एका जागी बसवायचे आणि त्यांच्यासमोर चिठ्ठ्यांचा डबा हलवायचा, म्हणजे काय होणार? टेम्पोवाल्या लालसिंगनं मागच्या रांगेत लगेच पैजा घ्यायला सुरुवात केली. इतकी ध्यान देऊन बसणारी माणसं आपण कुठल्याच गावात पाहिली नाहीत, असं मॅडम मला कौतुकानं म्हणाल्या. मी मान डोलावली, दुसरं काय करणार. यांनी नुसत्या पुस्तकावर लावलं होतं आणि निघाली कॅसेट. म्हणजे सुधारणेची सुरुवातच हरण्यानं झाली.

पुस्तकात लिहिलं होतं की खेळायची इच्छा झाली की गिलासभर पाणी प्यावं. यांनी ते इमानानं केलं. पण यांना इच्छा इतक्या वेळा व्हायची की दुकानात कमी आणि मागच्या बाभळीआड जास्त दिसायला लागले. मग ते सोडून कॅसेट लावली. तिच्यात आधी बासरी, मग एका माणसाचा मऊ आवाज: डोळे मिटा, श्वास सोडा, दहापासून उलटं मोजा. तो बिचारा मोजता मोजता सातवर जरासा खोकला. झालं. यांनी डोळे उघडले आणि सात लावून आले.

आणि दादा, सातच आला.

मग काय विचारतोस. ज्यांना पुस्तक मिळालं होतं त्यांनी कॅसेट भरून घेतली, ज्यांना थांबायला सांगितलं होतं त्यांनीही भरून घेतली. मॅडम पाहणीला आल्या तेव्हा चहाच्या हॉटेलात सगळा फाटा डोळे मिटून बसलेला. त्यांना आधी भरून आलं. मग लालसिंगनं अदबीनं विचारलं, "मॅडम, दुसऱ्या बाजूला कुठं खोकलाय का हो?" मॅडम तिथून निघाल्या आणि यांच्या दुकानासमोरच्या टायरवर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मीच चहा नेऊन दिला. त्यांची सगळी मेहनत पाण्यात गेली होती, आणि मला त्यांच्यापेक्षा माझीच कीव येऊन राहिली होती.

आता खरी गोष्ट. पुजाचं हॉलतिकीट आलं. लेकरू उड्या मारत दुकानात गेलं, बापाला दाखवायला. मी डबा घेऊन मागंच होते. यांनी हात पुसून ते घेतलं, वर तिचा फोटो होता, नाव होतं, शाळेचा शिक्का होता. यांची नजर बैठक क्रमांकावर गेली आणि ओठ हलायला लागले. पुजानं पाहिलं. तिनं त्या आकड्यांवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, माझा नंबर लावू नका."

रडली न्हाई, भांडली न्हाई. हात मात्र तसाच ठेवला.

यांनी त्या दिवशी डबाही उघडला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः मॅडमना गाठून कॅसेट परत केली आणि सगळं खरं सांगितलं. आता दुपारी आकडा यायच्या वेळेला मी दुकानात जाऊन बसते, पुस्तक मोठ्यानं वाचते आणि हे ट्यूब घासत ऐकतात. (परवा एका धड ट्यूबला ठिगळ लावलं. मी पान उलटलं.) पार सुटलं असं मी म्हणणार नाही. ट्रक आला की मान अजून तिकडं वळते. पण मग हे खाली बसतात आणि चाकच पाहतात.

असं आहे सगळं. वहिनींना जय भीम, लेकरांना गोड पापा. थंड पाणी पिऊ नको, तुझा घसा लगेच बसतो.

तुझी,
शितल

ता.क. तुझ्या घरी दुपारी फोन येतो, तू हॅलो म्हणतोस आणि समोरून ठेवून देतात, असं वहिनी म्हणाल्या. ते दाजी आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की फारच ओढ लागली तर एका विश्वासाच्या माणसाला फोन करा. तुझ्या नव्या घराच्या जेवणात तू चारचौघांत यांना बोललास, तेव्हापासून तुमी दोघं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. (यांनी प्लॉट नंबर विचारायला नको होता, हे खरं.) तरी यांनी माणूस निवडला तो तूच. काहून, असं विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्या कुणाचा नंबर पाठ नाही. (पाठ कसा झाला ते विचारू नको, एकदा लावला होता.) एसटीडीवर जातात, तुझं रागीट हॅलो ऐकतात, फोन ठेवतात आणि मटक्याकडं न जाता दुकानात परत येतात. तेवढ्यानंही भागून राहिलं. पण पुढच्या वेळी फोन आला की "बोला संतराम" एवढं म्हण. बाकी काही नको.

पुन्हा ता.क. तू असं म्हणशील यावर मी यांच्याशी पैज लावली आहे. हे म्हणतात, न्हाई म्हणणार. मी जिंकले तर हे तुझ्या दारात येऊन स्वतः जय भीम करतील. मॅडमना कळवू नको.