काच पहिली की दुसरी?

३ नोव्हेंबर
आशुतोषची जिरवायची. ठरलं!
लॅबमध्ये माझ्या शेजारी बसतो. थिसिस देतोय. त्यात छातीठोक लिहिलंय – आमच्या कमजोर प्रकाशजोड्या निरुपयोगी, काहीही करा. काहीही? हा शब्द मला डिवचतो.

५ नोव्हेंबर
जोडी म्हणजे दोन जुळे प्रकाशकण. इथला मोजला की लांबच्याची अवस्था त्याप्रमाणे वळते – स्टिअरिंग. जोड कमजोर, तर वळवणं जमत नाही. म्हणून मी माझ्या बाजूला फिल्टर ठेवलाय. बरेचसे कण अडतात. पण जे पार होतात त्यांची जोडी – एकदम कडक!
आई मासळी विकून नावड्याला घरी परतली, मला आकडेमोडीत बघून म्हणाली, "उजेड गालून काय मिलतं गो?"
"आशुतोषचं पडलेलं तोंड."
"मंग गाल!"

६ नोव्हेंबर
आशुतोषशी पैज लागली. दोन काचा, दिसायला सारख्या. पण उजेडाला दोन्ही जरा वेगवेगळ्या बिघडवतात. तो एक डब्यात लपवणार, लांबचा जुळा तिच्यातून जाणार, मी दोन्ही जुळ्यांची मोजणी ताडून काच ओळखणार. हरेल त्याने कँटीनमध्ये समोरच्याला 'गुरुमाउली' म्हणायचं.

७ नोव्हेंबर
आज सरावाचा डाव, मुद्दाम फिल्टरशिवाय खेळले. धडाधड चुकले. तो शिट्टी वाजवत गेला. वाजव बाबा!

१० नोव्हेंबर
कळंबोलीला ट्रकांत अडकले, उशीर. पोचल्या पोचल्या फिल्टर लावला. पहिली. दुसरी. दुसरी. पहिली... अधूनमधून चुकले, पण बिनजोडीच्या साध्या उजेडाने एवढं कधीच जमत नाही. आशुतोष डब्याखाली वाकून बघतोय, मी कॅमेरा लपवलाय का!
आमचे गाइड सुधीर सर आले. "गाळलेल्या जोड्यांचं काय?"
"त्या सोडल्या, सर. दावा उरलेल्यांपुरताच."
"पुरे आहे तेवढा."
कँटीनमध्ये भर गर्दीत – "गुरुमाउली!" चहावाल्याने मलाच हात जोडले.

११ नोव्हेंबर
आशुतोष आला नाही. रुसलाय. रुसू दे!

१२ नोव्हेंबर
आशुतोषने थिसिस थांबवला. स्वतःहून. सरांना म्हणाला, "चौथा चॅप्टर चूक आहे, रुतिकाने दाखवलं. बदलतो." महिनाअखेर थिसिस दिला असता तर जर्मनीतली नोकरी पक्की होती – हेही सरांनीच सांगितलं. आशुतोषने माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढली आणि विचारलं, "फिल्टर कसा बसवतेस, दाखव ना."