दोरा कमी पडला

१० नोव्हेंबर, सोमवार
हो म्हणून टाकलं! कोणाला न विचारता.
सकाळी पोहे भिजवून ठेवले आणि रजनीचा फोन. माझ्या दहावीच्या वर्गातली, भूमितीच्या तासाला हमखास खिडकीबाहेर बघणारी रजनी. आता इथे जवळच रुआबांध्याच्या एका लहान शाळेत मुख्याध्यापिका आहे. म्हणते, मॅडम, सहावीची मुलं कोन म्हटलं की घाबरतात, तुम्ही गोधडी शिवता शिवता शिकवाल का? सोम, बुध, शुक्र. एप्रिलपर्यंत. तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण हात खडूसाठी शिवशिवतात अजून.
पोह्यांचा गोळा झाला. तोच खाल्ला, गोड लागला.
लेकाला, अभयला, सांगायला हवं. डिसेंबरात तो मला पुण्याला न्यायला येतोय. कायमचं. माझ्यासाठी खोली रंगवली आहे त्याने. सांगीन. आज नको.

१२ नोव्हें.
ट्रंक उपसली. सगळा पलंग चिंध्यांनी भरला. माझी सुती पातळं, ह्यांचे प्लँटचे खाकी शर्ट, अभयचा शाळेतला निळा सदरा. खाकीवर कात्री चालवताना हात थबकला. मग मनात म्हटलं, अहो, तुम्हालाही शाळेत नेते. आणि कापला.
उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं झालंय माझं. वर्ग सोमवारी, पिशवी आजच दारात.
अभयचा फोन आला होता. हवापाण्याचं बोललो. सांगितलं नाही.

१७ नोव्हें., सोम.
काय वर्ग झाला! काय वर्ग!
चौकोनी तुकडा दिला, म्हटलं एक टोक दुसऱ्यावर आणा, तिरकी घडी घाला, काय झालं? मागून एक आवाज, "मॅडम, समोसा." सगळा वर्ग हसला, मीही. मग समोशाचाच कोन मोजला. पंचेचाळीस! पुन्हा घडी, पुन्हा मोजला. पुन्हा पंचेचाळीस! समोसा लहान झाला तरी कोन तोच, हे त्यांना पटेचना. फळ्यावर हे समजावायला मला आठवडा लागायचा.
पहिल्या बाकावरची खिलेश्वरी म्हणाली, "हमर दाई घलो कथरी सिलथे." म्हणजे तिची आईही गोधडी शिवते. म्हटलं, मग तुझी दाई भूमितीच शिकवते आहे घरी. पोरगी लाजून लाल.
घरी येईपर्यंत घसा बसला. गुळण्या केल्या. आनंद पोटात मावत नाही.

२० नोव्हें., गुरु.
लिहितानाही हसू येतं.
उद्याच्या वर्गाला दोरा कमी पडला म्हणून सुपेल्याच्या बाजारात गेले. फोन चार्जिंगला घरीच. शेजारच्या साहूबाई भाजीची वाटी ठेवायला आल्या, त्यांच्याकडे किल्ली असते. तेवढ्यात अभयचा फोन, त्यांनी उचलला. माझ्याशी बोलून बोलून त्यांच्या तोंडी माझे शब्द बसले आहेत, धाग्याला त्या दोराच म्हणतात. सांगितलं, "दोरा कम पड़ गया था, सुपेला गई हैं."
बाहेरून ट्रक जात होता म्हणे. अभयने ऐकलं, दौरा पड़ गया, म्हणजे आईला झटका आला, सुपेला. सुपेल्यात दवाखाने आहेतच. झालं! ध चा मा.
त्याने पुन्हा दोनदा लावला तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी दुपारी परत येऊन लावला तर त्याचा बंद. मला वाटलं मीटिंगमध्ये असेल. तो विमानात होता, आणि उतरला तेव्हा फोनची बॅटरी संपलेली.
संध्याकाळी गेटवर रिक्षा. अभय. हातात बॅग नाही, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. सुपेल्यातले दोन दवाखाने पालथे घालून आला होता. मी व्हरांड्यात दोरा गुंडाळत बसलेली.
"आई, तुले काही झालं नाही?"
"मले काय होते? दोरा आणाले गेली होती."
पायरीवर बसला आणि रडला. इतका मोठा माणूस, केस पिकायला लागलेला. मग मीही रडले. साहूबाई चहा करता करता सारख्या म्हणत होत्या, "मैं तो मराठी में बोली थी."

२१ नोव्हें., शुक्र.
चहाबरोबरच म्हणाला, डिसेंबर वगैरे नाही, आताच चल. मंगळवारच्या विमानाची दोन तिकिटं काढली. माळ्यावरून माझी बॅगही काढली. मी म्हटलं, आज माझा वर्ग आहे. कसला वर्ग? मग सगळं सांगावंच लागलं.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
"मले सांगितलं कावून नाही?"
"तू नाही म्हटलं असतं."
"आन् खरंच दौरा आला असता तं?"
त्याचं बरोबर आहे. तरी मी वर्गाला गेले. रस्ताभर राग, मी काय सामान आहे, उचललं की नेलं? वर्गात शिरले आणि राग कुठल्या कुठे. आज षटकोन झाले. फटी न राहता जुळले, पोरं टाळ्या वाजवायला लागली.

२३ नोव्हें., रवि.
दोन दिवस त्याची घरात ठाकठोक. नळ दुरुस्त केला, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली. जायचंच असेल तर दांडी कशाला? विचारलं नाही.
जेवताना मात्र बोलले. म्हटलं, "पुण्यात मी तुही आई राहीन. अठी मी आई आहो आन् मॅडमबी आहो. मले दोन्ही राहू दे."
त्याने आणखी एक पोळी मागून घेतली.

२४ नोव्हें., सोम.
फक्त सोडायला येतो म्हणाला, पिशवी उचलली. रजनीने त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. मुलांना सुया ओवता येईनात, त्याने एकीची ओवून दिली, की लागली रांग! माझा इंजिनियर जीभ दातात धरून सुया ओवतोय. हसू लपवायला मी फळ्याकडे तोंड केलं.
आज पहिली गोधडी पुरी झाली, पाटाएवढी. शेवटची कड मिटायच्या आधी आमच्यात तिच्या पोटात पोळीचा तुकडा घालतात, गोधडी उपाशी ठेवत नाहीत. हे सांगायचा अवकाश, सगळे डब्यांकडे धावले. बेसनाची कुरकुरीत ठेठरी, पराठा, एकजण तर इडली घेऊन आला. कोरडंच चालेल, म्हटलं. शेवटी खिलेश्वरीची ठेठरी गेली आत. टाके वाकडे. तरी काय सुरेख दिसते!
निघताना ती अभयला म्हणाली, "सर, आप बुधवार को भी आओगे?"
"मैं तो कल जा रहा हूँ," तो म्हणाला.
मैं. हम नाही. मी सबंध वाट त्याला छेडलं नाही. चुकून बोलला असेल तर?
आता शेजारच्या खोलीत त्याचा केतकीशी फोन चालला आहे, सूनबाई काय म्हणते ऐकू येत नाही. माझी बॅग पलंगावर उघडी पडली आहे. त्याने तीत काही भरलं नाही, मीही नाही. मुलांना मात्र सांगून आले, बुधवारी वर्तुळ घेऊ, कंपास विसरू नका.