शिंतोडा न उडवता

४ जानेवारी
ठराव. यंदा स्प्रिंगबोर्डवरून सूर असा मारायचा की पाण्यालाही कळू नये. शिंतोडा शून्य. मार्चमध्ये प्रौढांची स्पर्धा. कोचबाईंनी रीत सांगितली : हात डोक्यावर ताठ, तळवे पाण्याकडे, दंड कानांना चिकटलेले, मान आत, अंग काठीसारखं. मला हे सगळं येतं. एकाच वेळी येत नाही, एवढंच.

९ जानेवारी
मांड्या लालबुंद. आज पाणी कडक होतं. बायको म्हणाली, पाणी रोज तेच असतं. तिला यातली तांत्रिक बाजू कळत नाही.

१७ जानेवारी, दुपार
आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना हात वर करून सराव. तेवढ्यात एक आजीबाई आल्या. दरोडा पडलाय समजून त्यांनीही हात वर केले. फ्रेमचा स्टँड आडवा. बायकोने आधी आजीबाईंचे हात खाली घेतले, मग माझे.

२ फेब्रुवारी
कोचबाई मला काका म्हणतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी! आज म्हणाल्या, "काका, शेवटच्या क्षणी तुमची मान वर येते. पाणी शोधू नका, ते तिथेच आहे." भीती वाटते का, असंही विचारलं. मी म्हटलं, भीती नाही, कुतूहल आहे.

११ फेब्रुवारी
खांदा धरलाय. सोफ्यावर पडून चांगल्या सुरांचे व्हिडिओ पाहिले. प्रगती जाणवते. विश्रांती हाही सरावच.

१२ फेब्रुवारी
सराव. कालच्यासारखाच.

२६ फेब्रुवारी
गेलो. पोटावर पडलो. तलावाकाठचे लोक उगाच कळवळले. कंटाळा आलाय, पण तो शरीराला. मन फिट आहे.
जेवताना बायको म्हणाली, "अहो, भीती वाटत असेल तर नका करू. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही." मी लेन्सच्या ऑर्डरचा विषय काढला.

१३ मार्च
बातमी! माझ्या वयोगटात माझं एकट्याचंच नाव. सूर मारला की सुवर्णपदक. कपाटातला एक खण रिकामा केला.

१४ मार्च, संध्याकाळ
नाव पुकारलं. फळीच्या टोकापर्यंत व्यवस्थित गेलो. हात वर, तळवे बरोबर, दंड कानांना. कोचबाईंनी मान डोलावली. शिट्टी झाली.
खाली पाणी हलत होतं. मी हललो नाही.
पंचांनी पुन्हा शिट्टी दिली. मग माझी पाठ वळली, मी तिच्या मागोमाग आलो आणि शिडी उतरलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता तरी आलं असतं.
बायको प्रेक्षकांतून खाली आली. खांद्यावर टॉवेल टाकला. जरा वेळ आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हटलं, "भीती वाटली गं." ती म्हणाली, माहीत आहे, आणि आलोच आहोत तर पोहून घ्या, अंग तरी मोकळं होईल.
शेजारच्या उथळ तलावात पायऱ्यांनी उतरलो. मान खाली.
शिंतोडा एकही उडाला नाही.