कोकराच्या आवाजाची शिट्टी

कुरणावरून, ३ मे

ती. ग्रासियाना आत्यास, अँडरचा सा. न. वि. वि.

बाबांच्या मागे मेंढ्या माझ्याकडे आल्या आणि पहिल्याच वसंतात कोयोट्यांनी, लांडग्यांच्या त्या धाकट्या भावंडांनी, नऊ कोकरं नेली. असंच चाललं तर कळप मोडावा लागेल. मी आजवर बंदूक चालवली ती कुंपणावरच्या डब्यांवर. कोयोट्यांना बोलावायच्या शिट्ट्या दुकानात इतक्या तऱ्हेच्या निघाल्या, की मी वहीत टिपणं काढू लागलो. दुकानदाराने परीक्षा कधी आहे म्हणून विचारलं. कोणती घेऊ?

तुझ्या मायेवर विसंबलेला,
अँडर

बफेलो, ७ मे

चि. अँडरला अ. आ.

कोकरं जाताहेत आणि तू टिपणं काढतोस! शोभतोस खरा कॉलेजात शिकलेला. बंद पातीची घे, म्हणजे आवाजाची पट्टी नळीच्या आत असते ती, जखमी सशाच्या किंकाळीची. उघड्या पातीची नवख्याच्या तोंडी बदकासारखी ओरडते. वारा तोंडावर घे, अर्धा मिनिट वाजव, मग पंधरा मिनिटं गप्प बस. तुला तेच जड जाईल. आणि अख्खं जनावर दिसल्याशिवाय बोट चापावर ठेवू नकोस.

लोभ आहेच, रागावले तरी.
ग्रासियाना

कुरणावरून, १६ मे

ती. आत्यास सा. न.

तुझं सगळं ऐकलं नाही. सशाच्या शिट्टीबरोबर कोकराच्या आवाजाचीही घेतली. कोयोटे कोकरं खातात, तर हाकही कोकराचीच हवी, असा माझा तर्क. संध्याकाळी कळपाजवळ ती वाजवली. झुडपात फिकट पाठ हलली. बोट चापाकडे गेलं, तुझं वाक्य आठवलं, थांबलो. बाहेर आली झुरी, आपली राखणीची कुत्री. कोकरू रडतंय म्हणून धावली होती. मागे चार मेंढ्या. मला हुंगून ती माझ्यामागे कोकरू शोधत राहिली. मी शहाणपणाने थांबलो की नुसता घाबरून, हे अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या सकाळी कळपापासून लांब, सशाच्या शिट्टीवर एक कोयोटा मिळाला. त्यानंतर कोकरू गेलेलं नाही. आत्या, कळप राहिला, झुरी राहिली. तुझे आभार कसे मानू?

तुझाच,
अँडर

बफेलो, २० मे

चि. अँडरला अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोटाचा तो नियम मला कुणी शिकवला नव्हता. तुझ्या जन्माआधी मीही कोकराचीच शिट्टी वाजवली होती. आमच्या कुत्र्याचं नाव बेल्त्झा. तुझ्या बाबांनी त्याला पुरलं आणि कधी कुणाला सांगितलं नाही, मलाही बोल लावला नाही. इतक्या वर्षांत ते नाव मी आज लिहिते आहे. आभार मीच मानते, बाळा.

रविवारी मला न्यायला ये. झुरीला बघायचं आहे.

तुझी,
ग्रासियाना आत्या