बॉनेटवरचं हळद-कुंकू

देवगाव फाटा,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप नागनाथमामांच्या चरणी भाचा सुरजचा दंडवत.

पाकीट फाडताना त्रास झाला असेल तर माफी असावी. ते डिंकानं न्हाई, पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलंय. कारण पुढं येईल. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडं सगळं खुशाल. आई बरी आहे (भाऊ दिवाळीशिवाय फोन करत न्हाई असं तिचं म्हणणं, माझं नव्हे). बाबा मेंढरं घेऊन लांब गेलेत, तिथं रेंज न्हाई, म्हणजे घरातलं मोठं माणूस सध्या तुम्हीच. मागच्या वेळी फोनवर मी तापलो आणि तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला, ते बरोबरच केलंत. म्हणून हे पत्र.

सरांनी मला वर्गाबाहेर जा म्हटलं आणि मी रागारागानं कॉलेजच्याच बाहेर आलो, याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं असं आई सांगते. वाटून घेऊ नका. फाट्यावरचं दुकान लय जोरात आहे. 'गॅरेज कशाला? घरीच करा' असा बोर्ड लावलाय (शेजारचा गॅरेजवाला माझ्याशी बोलत न्हाई). सीट कव्हर, वायपरचं रबर, पत्र्याला पडलेला पोचा ओढून काढायचा रबरी कप, डॅशबोर्डवर मान हलवत बसणारं कुत्रं, सगळं स्वस्तातलं. गिऱ्हाइकानं घरी नेऊन स्वतः बसवायचं, अशी माझी योजना. पण आपल्याकडचे लोक सामान घेतात आणि तिथंच उभं राहून म्हणतात, आता बसवून दे. मग मी तापतो. मग बसवून देतो.

एकच गिऱ्हाईक तसं न्हाई, ते म्हणजे सूर्यभानरावांची बबिता (आपल्यातलेच आहेत, सोयरीक बसते, आईनं चौकशी केलीय). ती स्वतः गाडी चालवत येते, वायपरचं रबर घेते आणि माझ्यासमोर बसवून निघून जाते. एवढी वायपरं कुणाच्याच गाडीला लागत न्हाईत, मामा, हे मला उशिरा कळलं.

परवा ती आली ती आईला, कमलबाईंना, घेऊन. कमलबाई म्हणाल्या, गाडी चकचकीत करून दे, बबितासाठी पोरगा बघायला हिचे बाबा उद्या जिंतूरला चाललेत. माझ्या डोक्यात जे काय झालं ते लिहीत न्हाई. ज्या गाडीत बसून हे लोक माझं वाटोळं करायला निघाले तीच मी घासायची. पण धंदा तो धंदा. मी बादली उचलली. पांढरी गाडी, बॉनेटवर दसऱ्याच्या पूजेचं हळद-कुंकवाचं स्वस्तिक, चांगलं जाडजूड. कमलबाईंनी ताकीद दिली, "बाकी काय बी कर, पण माझं कुंकू पुसू नको."

मी पुसलं न्हाई. मी फक्त आजूबाजूनं शाम्पू लावला. आता हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शाळेतच शिकवतात, तेव्हा कॉलेज सोडल्याचा याच्याशी काही संबंध न्हाई. स्वस्तिकाला पाय फुटले. लाल ओघळ चहूकडं निघाले, मी फडकं उचललं की कमलबाई ओरडायच्या, पुसू नको, घरधन्याची गाडी हाय. पुसायचं न्हाई आणि पसरूही द्यायचं न्हाई, म्हणून मी वरून चकाकीचा स्प्रे मारला. त्या बाटलीवर लिहिलंय की ऊन-पावसानं रंग हलणार न्हाई. मामा, माझ्या दुकानात जे लिहिलंय ते खरं करणारी तेवढी एकच बाटली निघाली. बॉनेट गुलाबी झालं. बँडवाल्यांच्या गाडीसारखं.

सूर्यभानराव मोटारसायकलवर आले. असल्या गाडीत पाहुण्यांच्या दारात जाऊ का, म्हणाले. ते तापले, मग मीही तापलो, आणि तापल्यावर माझं कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणालो, "पोरगा बघायला जिंतूरपर्यंत जायचंच कशाला? हितं उभा हाय की."

बबिता टायरमधली हवा बघायला खाली वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले. सूर्यभानराव बराच वेळ माझ्याकडं आणि बॉनेटकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या घरातलं मोठं माणूस कोण हाय?"

मी तुमचं नाव सांगितलं. जिंतूरचं जाणं त्यांनी पुढं ढकललंय. बाकी इकडं सगळं ठीक. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (फोन सोडून),
सुरज

ता. क. – हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ म्हणजेच सूर्यभानराव (पाकिटाला सोल्यूशन त्यासाठीच, वाटेत उघडायला नको). चारठाण्यात तुमचं घर सापडावं म्हणून पत्ताही मीच लिहून दिलाय. ते गाडीची तक्रार करतील, तुम्ही ती पूर्ण ऐकून घ्या, माझी बाजू अजिबात घेऊ नका, आणि चहा झाला की पोरीला मागणी घाला. बॉनेटकडं बघून हसू नका.

ता. क. २ – मामा आमचाच स्प्रे वापरतात आणि लय समाधानी आहेत, असं मी बोलून बसलोय. तुमच्या जीपवर आच्छादन असेल तर काढू नका.

ता. क. ३ – गाडी बबिता चालवत आणेल. बाहेर बसली तर मामींनी आत बोलवावं. वर एक लिहायचं राहिलं: धुताना शाम्पूची बाटली माझ्या हातात तिनंच दिली होती. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हळदीचं तिला ठाऊक नसेल, असं मला तरी वाटत न्हाई.